ढालकिड्यांची पारख

आदिलाबाद जिल्हा हा कापसाचा मुलूख. उत्तरेस पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. दोन्ही तीरांवर काळी जमीन आणि मराठी बोलही ओळखीचे. पावसाळ्यात येथील कपाशीचे पान उलटून पाहावे. मावा असेल तेथे बहुधा ढालकिडाही येतो. वाटाण्याच्या डाळीएवढा, पाठीवर ढाल घेतल्यासारखा हा कीटक. त्याच्या ‘लेडीबर्ड’ या इंग्रजी नावातील ‘लेडी’ म्हणजे मरियामाता. युरोपातील तांबड्या किड्याच्या सात ठिपक्यांत तेथील भाविकांनी तिची सात दुःखे पाहिली. ठिपक्यांवरून किड्याचे वय कळते, ही समजूत मात्र खोटी.

येथे नेहमी आढळणारी जात चिलोमेनिस सेक्समॅक्युलाटा. नावात सहा ठिपके असले, तरी पाठीवर बहुधा नागमोडी काळ्या रेघाच असतात. याच जातीत कोणी पिवळट, कोणी नारिंगी, तर क्वचित एखादा जवळजवळ काळा निघतो. शिवाय कोषातून नुकताच बाहेर आलेला किडा फिकट व बिनठिपक्यांचा असतो. त्याच्या अंगावर नक्षी हळूहळू उमटते. म्हणून निराळा किडा दिसताच दुर्मिळ जात सापडल्याची दवंडी पिटू नये. काही तासांनी तो पुन्हा पाहावा.

छायाचित्र सकाळी, ऊन तापण्यापूर्वी घ्यावे. त्या वेळी किडा सुस्त असतो. मोबाईलचा दिवा लावल्यास गुळगुळीत पाठ चकाकते आणि नक्षी हरवते, म्हणून आपली सावली धरणे बरे. एक चित्र वरून, एक समोरून घ्यावे. बोट लागताच तो पाय आखडून खाली पडतो व सांध्यांतून पिवळा, कडू द्रव सोडतो. तेव्हा त्याला तळहातावर मिरवण्यापेक्षा पानावरच टिपावे. पीक, गाव, तारीख लिहून ठेवावी.

पानाचे महत्त्व मोठे आहे. वांग्यावरील अठ्ठावीस ठिपक्यांचा ढालकिडा मळकट, बारीक लव असलेला. तो पाने कुरतडून जाळी करतो. कपाशीवरील त्याचे भाईबंद मावा खातात. परंतु त्यांची अळी काळसर, सुसरीसारखी लांबट असल्याने पुष्कळदा शेतकरी तिलाच कीड समजतो आणि आपल्याच राखणदारावर औषध फवारतो. दोघांची अंडीही पिवळी, उभी, पुंजक्याने घातलेली; पाहून फरक कळणे कठीण. ती फुटल्यावर अळ्या काळसर दिसल्या, तर त्या मावा खाणाऱ्या. पिवळ्या व काटेरी दिसल्या, तर वांग्याच्या वैऱ्याच्या.