आम्लपित्ताची गोळी आणि पूरक जीवनसत्त्वे

भारतातून अमेरिकेत मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांच्या सामानात गोडा मसाला आणि मेतकूट यांच्याबरोबर औषधांची एक पिशवी हमखास असते. त्या पिशवीत पुष्कळदा ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोल या गोळ्यांच्या स्ट्रिप्स असतात. सकाळच्या चहाआधी ‘ॲसिडिटीची गोळी’ घेण्याची सवय काहींना दहा-दहा वर्षांची असते. ती कोणी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, हे बहुधा कोणालाच आठवत नाही. इकडे आल्यावर मुले प्रेमापोटी कॅल्शियम, लोह आणि मल्टिव्हिटॅमिनच्या मोठाल्या बाटल्या आणून ठेवतात. मग सगळ्या गोळ्या एकाच घोटाबरोबर पोटात जातात. यात विषबाधेसारखे भय नाही. परंतु बाटलीतील द्रव्य शरीराला लाभेलच, याची खात्रीही नाही.

याचे कारण जठरातील आम्लाच्या कामात आहे. आम्ल केवळ जळजळ करत नाही. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले बी-१२ सोडवणे, वनस्पतिजन्य लोह आतड्याला शोषता येईल अशा रूपात आणणे आणि कॅल्शियम कार्बोनेट विरघळवणे ही कामे त्याच्याच साहाय्याने होतात. प्रोटॉन पंप इनहिबिटर या वर्गातील औषधे जठराच्या पेशींमधील आम्ल सोडणारे पंपच बंद पाडतात. अन्ननलिकेचा दाह किंवा जठरव्रण झालेल्यांना ती खरोखर तारक ठरली आहेत. अमेरिकेत ओमेप्रॅझोल २००३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. मात्र अशा विनाचिठ्ठी औषधाच्या वेष्टनावर १४ दिवसांचा क्रम आणि दोन क्रमांमध्ये चार महिन्यांचे अंतर, अशी स्पष्ट मर्यादा छापलेली असते. ती वाचणारे थोडे.

सर्वांत अधिक लक्ष बी-१२ कडे हवे. शाकाहारी घरात हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, दही आणि ताकातूनच येते, आणि तेथेही ते प्रथिनांशी बांधलेले असते. आम्ल घटले की ते सुटणे अवघड होते. कॅलिफोर्नियातील रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ही औषधे दोन वर्षे वा अधिक काळ घेणाऱ्यांमध्ये बी-१२ च्या कमतरतेची शक्यता ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिनही चालू असेल, तर तेही बी-१२ घटवते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा, सततचा थकवा ही लक्षणे घरात ‘वय झाले’ या दोन शब्दांत मिटवली जातात, आणि दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची ठरू शकते. सुदैवाने गोळीतील बी-१२ प्रथिनाला बांधलेले नसते. त्यामुळे ते सोडवण्यासाठी आम्ल लागत नाही, आणि येथे पूरक गोळी खरोखरच उपयोगी पडते.

कॅल्शियमच्या बाबतीत बाटलीवरील बारीक अक्षरे वाचावी लागतात. कार्बोनेट स्वस्त असते, पण ते आम्लावर अवलंबून असते आणि जेवणाबरोबरच घ्यावे लागते. सायट्रेटला ती अट नाही. गंमत अशी, की जळजळीवर चघळायच्या टम्सच्या गोळ्याही कॅल्शियम कार्बोनेटच्याच असतात, आणि हिशेबात त्या कोणी धरत नाही. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली, तर आधीच घटलेले शोषण आणखी घटते. थायरॉइडची गोळी चालू असणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावे.

मॅग्नेशियमची गोष्ट वेगळी आहे. ही औषधे दीर्घकाळ, बहुधा वर्षाहून अधिक, घेतल्यास रक्तातील मॅग्नेशियम घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये दिला. तपासलेल्या प्रकरणांपैकी सुमारे चतुर्थांशात पूरक गोळ्यांनी भागले नाही. मूळ औषधच थांबवावे लागले. स्नायूंत पेटके येणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे ही त्याची लक्षणे होत. लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक.

‘नैसर्गिक’ या शब्दावरही विसंबू नये. उदास मनावर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती यकृतातील विकरांना चेतवून ओमेप्रॅझोलचा प्रभावच कमी करते.

हे वाचून गोळी तडकाफडकी बंद करणे मात्र चुकीचे. दीर्घ वापरानंतर ती एकाएकी थांबवल्यास आम्ल काही काळ पूर्वीपेक्षाही उसळू शकते. शिवाय ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक औषधांमुळे जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून काहींना ती मुद्दाम दिलेली असते. तिची मात्रा कमी करायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. भेटीला जाताना केवळ नावे सांगण्यापेक्षा सगळ्या बाटल्या आणि स्ट्रिप्स पिशवीत घालून नेलेल्या बऱ्या. पाहुण्यांच्या प्रवासविम्यात नेहमीच्या तपासण्या बहुधा येत नाहीत. लक्षणे नसतील, तर बी-१२, लोह आणि मॅग्नेशियमची रक्ततपासणी भारतातून निघण्यापूर्वी उरकून घेता येते. लक्षणे दिसत असतील, तर परतीच्या विमानाची वाट पाहू नये.