पदव्युत्तर गणिताचे अध्ययन आणि वाक्यार्थाचा प्रश्न

१

गणिताची भाषा सर्व भाषांच्या पलीकडची आहे, असे नेहमी म्हटले जाते. अंक, चिन्हे आणि समीकरणे यांपुरते पाहिले तर हे म्हणणे खरे आहे. तथापि पदव्युत्तर वर्गात प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही आठवड्यांतच निराळा अनुभव येतो. पदवीपर्यंतच्या गणितात मुख्य भर रीतीवर असतो. समीकरण सोडवावयाचे, फलाचे विकलन करावयाचे, उत्तर काढावयाचे, असा तो क्रम असतो. एम. एस्सी.च्या वर्गात वास्तव विश्लेषण, अमूर्त बीजगणित, टोपॉलॉजी हे विषय समोर येतात आणि उत्तराची जागा सिद्धता घेते. सिद्धता ही आकड्यांची नव्हे, वाक्यांची रचना असते. येथून पुढे ज्याला वाक्याचा नेमका अर्थ लावता येत नाही, त्याला गणितही येत नाही असे ठरते. हा निर्णय पुष्कळदा अन्यायाचा असतो.

सोलापुरात या प्रश्नाला विशेष धार आहे. दयानंद महाविद्यालय १९४० साली व संगमेश्वर महाविद्यालय १९५३ साली स्थापन झाले. १९६२ पासून येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होती. १ ऑगस्ट २००४ रोजी एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ अस्तित्वात आले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला अशा तालुक्यांतील विद्यार्थ्याला पदव्युत्तर शिक्षण पूर्वीपेक्षा जवळ आले. परंतु जो ग्रंथ तो हाती घेतो तो इंग्रजी असतो, ज्या भाषेत तो विचार करतो ती मराठी असते, आणि कित्येकांच्या घरी बोलली जाणारी भाषा कानडी किंवा तेलुगू असते. तीन भाषांच्या या सांध्यावर गणिताचे नेमके काय होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२

प्रथम संज्ञांचा विचार करू. सेट म्हणजे संच, सीक्वेन्स म्हणजे क्रमिका, कंटिन्युअस म्हणजे संतत, हे पर्याय शालेय पुस्तकांतून रूढ झालेले आहेत. संज्ञा मराठीत आली म्हणजे संकल्पना समजली, असा एक समज आहे. संज्ञा इंग्रजीत राहिल्यामुळेच संकल्पना कळत नाही, असा दुसरा. दोन्ही समज अपुरे आहेत.

टोपॉलॉजीतील ‘ओपन’ आणि ‘क्लोज्ड’ संचांचे उदाहरण घ्यावे. मराठीत त्यांना ‘विवृत’ व ‘संवृत’ म्हणतात. विद्यार्थी साहजिकच असे धरून चालतो की जे विवृत नाही ते संवृत असणार. दार उघडे नसेल तर बंद असते, त्यातलाच हा प्रकार. प्रत्यक्षात ० ते १ या अंतरालात ० हा बिंदू घेतला व १ हा वगळला, तर वास्तव संख्यांच्या संदर्भात तो संच विवृतही नाही आणि संवृतही नाही. उलट सर्व वास्तव संख्यांचा संच एकाच वेळी विवृत आणि संवृत असतो. चूक संज्ञेत नाही. इंग्रजी शब्दांमुळेही हीच फसगत होते. कारण एवढेच की व्याख्या वाचल्यानंतरही विद्यार्थी व्यवहारातील अर्थ बाजूला ठेवत नाही.

वास्तविक आपल्या शास्त्रपरंपरेला ही शिस्त अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या पहिल्याच सूत्रात ‘वृद्धी’ ही संज्ञा आ, ऐ आणि औ या तीन वर्णांना दिलेली आहे. व्यवहारात वृद्धी म्हणजे वाढ. व्याकरणात मात्र वृद्धी म्हणजे हे तीन वर्ण, त्याहून अधिक नाही आणि उणेही नाही. संवृत व विवृत हे शब्दही मुळात उच्चारशास्त्रातले आहेत. ऱ्हस्व अकार उच्चारात संवृत असतो. परंतु दीर्घ आकाराशी त्याचे सावर्ण्य राहावे म्हणून पाणिनीने संपूर्ण शास्त्रापुरता तो विवृत मानला आणि अगदी शेवटच्या सूत्राने त्याला त्याचे संवृतत्व परत दिले. शास्त्राच्या कक्षेत शब्दाचा अर्थ शास्त्रकार ठरवतो, कक्षेबाहेर तो लोकांचा असतो, ही जाणीव यात स्पष्ट आहे. गणितातील व्याख्या वाचावयाची ती याच रीतीने.

मराठी गणिताच्या इतिहासातील एक संज्ञाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनी कलनशास्त्रावर लिहिलेल्या मराठी पुस्तकाचे नाव ‘शून्यलब्धि’ असे होते. शून्याकडे जाणाऱ्या राशींपासून काही लब्ध होते, असे चित्र या नावातून उभे राहते. एकोणिसाव्या शतकातच कोशी, व्हायरश्ट्रास आदी गणितींनी कलनशास्त्राचा पाया शून्यप्राय राशींवरून काढून असमतांवर आणि नेमक्या विधानांवर ठेवला. संज्ञा चित्र देते, व्याख्या विधान देते. पदव्युत्तर गणित विधानावर चालते.

३

आता वाक्याकडे वळू. पुढील दोन वाक्ये पाहावीत: ‘प्रत्येक विद्यार्थ्याने एक ग्रंथ वाचला आहे’ आणि ‘एक ग्रंथ असा आहे की तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचला आहे’. पहिल्या वाक्यात ज्याचा त्याचा ग्रंथ निराळा असू शकतो. दुसऱ्यात सर्वांचा ग्रंथ एकच. दुसरे वाक्य खरे असेल तर पहिले खरे असतेच, पण उलट खरे नाही. व्यवहारात संदर्भावरून अर्थ लागतो, म्हणून हा भेद कोणी बोलून दाखवीत नाही. गणितात सारा सिद्धांत या भेदावर उभा असतो.

सांतत्य आणि एकविध सांतत्य यांतील फरक नेमका हाच आहे. फल संतत असणे याचा अर्थ असा: प्रत्येक बिंदूसाठी आणि प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक तरी धन डेल्टा मिळतो की, त्या बिंदूपासून डेल्टापेक्षा कमी अंतरावर फलाच्या किमतीत पडणारा फरक एप्सिलॉनपेक्षा कमी राहतो. येथे डेल्टाचा उल्लेख बिंदूच्या नंतर येतो, म्हणून बिंदू बदलला की डेल्टा बदलण्यास मोकळीक आहे. एकविध सांतत्यात वाक्याचा क्रम पालटतो. प्रत्येक एप्सिलॉनसाठी असा एक डेल्टा हवा की तो सर्व बिंदूंना पुरेल. शब्द जवळपास तेच, क्रम मात्र निराळा.

उदाहरण म्हणून संख्येला तिचा वर्ग देणारे फल घ्यावे. किमतीतील फरक १ पेक्षा कमी राहावा अशी अट घातली, तर १० या बिंदूपाशी सुमारे एक विसांश इतकी सरकण्याची मुभा मिळते. १००० या बिंदूपाशी ती सुमारे एक दोन हजारांश इतकी उरते. बिंदू जसजसा दूर जाईल तसतशी ही मुभा आकसत जाते आणि सर्व बिंदूंना पुरेल असा एकही धन डेल्टा शिल्लक राहत नाही. म्हणून हे फल सर्व वास्तव संख्यांवर संतत आहे, परंतु एकविध संतत नाही. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. अडचण असते ती व्याख्येतील ‘प्रत्येक’ आणि ‘असा एक तरी’ या दोन पदांचा क्रम ध्यानात धरण्याची.

४

नकाराचा प्रश्न याहूनही नाजूक आहे. ‘सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले नाहीत’ या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. एक, कोणीच उत्तीर्ण झाले नाही. दोन, काही झाले, पण सगळे झाले नाहीत. बोलताना ‘सगळे’ या शब्दावरील आघाताने अर्थ निश्चित होतो. कागदावर आघात उमटत नाही. मराठीत नकार बहुधा क्रियापदाशी, वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे तो वाक्यातील कोणत्या पदाला लागू होतो हे रूपावरून कळत नाही.

‘क्रमिका अभिसारी नाही’ हे सिद्ध करावयाचे झाले की विद्यार्थ्याला याच ठिकाणी अडखळावयास होते. ‘प्रत्येक’चा नकार ‘एकही नाही’ असा नसून ‘निदान एक तरी तसा नाही’ असा असतो, आणि ‘असा एक तरी आहे’ याचा नकार ‘प्रत्येक तसा नाही’ असा असतो. हा नियम लागोपाठ लावीत गेले की कितीही लांब व्याख्येचा नकार यांत्रिकपणे लिहिता येतो. एकविध सांतत्याचा नकार असा होईल: असा एक तरी धन एप्सिलॉन आहे की, कोणताही धन डेल्टा घेतला तरी डेल्टापेक्षा कमी अंतरावरचे असे दोन बिंदू सापडतात, ज्यांच्यापाशी फलाच्या किमतींतील फरक एप्सिलॉनपेक्षा कमी नसतो. ज्याने हे वाक्य एकदा स्वतः रचले त्याला पाठांतराची गरज उरत नाही. ज्याने रचले नाही तो इंग्रजी सिद्धता शब्दशः पाठ करतो आणि परीक्षेत एखादा शब्द मागेपुढे झाला की सारा डोलारा कोसळतो. पुढे नेट किंवा सेट परीक्षेत विधाने थोडी फिरवून विचारली जातात. तेथे हे पाठांतर मुळीच कामास येत नाही.

मराठीची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. ‘जो… तो’, ‘जेव्हा… तेव्हा’, ‘जितका… तितका’ अशी संबंधी जोडवाक्ये हा मराठीचा स्वभावधर्म आहे. ‘जी जी क्रमिका कोशी आहे ती ती अभिसारी आहे’ या वाक्यात बद्ध चल दोन्ही ठिकाणी शब्दानेच दाखविला जातो. अशी रचना वर्गात जाणीवपूर्वक वापरली, तर मराठी ही अडचण न ठरता साधन ठरते.

५

सोलापूरच्या बहुभाषिकतेकडे या दृष्टीने पाहिले तर एक उद्बोधक गोष्ट आढळते. २५ या संख्येला मराठीत ‘पंचवीस’ म्हणतात, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर. कानडीत ‘इप्पत्तैदु’ आणि तेलुगूत ‘इरवै ऐदु’, म्हणजे वीस आधी आणि पाच नंतर. पद्मशाली विणकराच्या घरातील मूल शाळेत मराठी अंक शिकते तेव्हा त्याला क्रम उलटवावा लागतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशा धर्तीची संख्यानामे जोडरूपांच्या बरोबरीने देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी दक्षिणेकडील भाषांतील पद्धतीचा दाखला देऊन या बदलाचे समर्थन केले होते.

त्या वादाचा निकाल काहीही लागो, पदव्युत्तर अध्ययनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते असे की, तिन्ही घरांतील मुले कागदावर २५ असेच लिहितात. स्थानमूल्याच्या लेखनाने संख्येचा अर्थ भाषेतील शब्दक्रमापासून सोडविला. तर्कशास्त्रातील चिन्हे वाक्याच्या बाबतीत तेच कार्य करतात. परंतु चिन्ह वाचताना मनात वाक्यच उमटते, आणि ते ज्या भाषेत उमटते त्या भाषेत नीट उमटले पाहिजे.

६

उच्च गणिताची एक भाषा आणि व्यवहाराची दुसरी, ही स्थिती महाराष्ट्राला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी आणि इतर ग्रंथ यांच्या अध्ययनासाठी त्याने तेथे मठ स्थापिला. आजच्या परिभाषेत ही पदव्युत्तर गणिताची संस्थाच म्हणावी लागेल. या लेखातील वंशवर्णन व मठाचा हेतू संस्कृतात आहे आणि मठाला मिळालेल्या दानाचा तपशील मराठीत आहे. गणित संस्कृतात, त्याच्या निर्वाहाची तजवीज मराठीत, अशी ही विभागणी होती. संस्कृतच्या जागी आज इंग्रजी आली आहे, एवढेच.

ही विभागणी मोडून सारे गणित मराठीत आणावे, असा आग्रह धरणे व्यवहार्य नाही. संशोधनाचे वाङ्मय इंग्रजीत आहे आणि विद्यार्थ्याला ते वाचता आलेच पाहिजे. तथापि आकलनाची भाषा आणि लेखनाची भाषा एकच असली पाहिजे असेही नाही. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहिण्याची मुभा द्यावी, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचविले आहे. ही मुभा तेव्हाच उपयोगी पडेल जेव्हा वर्गात मराठी वाक्ये गणिताच्या काटेकोरपणाने घडविली जातील.

याकरिता नवे खर्चिक साधन नको. प्रत्येक नव्या व्याख्येबरोबर विद्यार्थ्याने चार गोष्टी लिहाव्यात: मूळ इंग्रजी व्याख्या, तिचे पदक्रम सांभाळणारे मराठी रूप, तिचा नकार, आणि व्याख्येत बसणारे व न बसणारे एकेक उदाहरण. कानडी किंवा तेलुगू भाषक विद्यार्थ्याने तेच आपल्या भाषेत करून पाहावे. तिन्ही भाषांतील वाक्ये शेजारी ठेवली म्हणजे भाषेचे काय आणि गणिताचे काय, हे आपोआप वेगळे होते. एकभाषिक वर्गाला ही तुलना सहजासहजी उपलब्ध नसते. सोलापूरच्या वर्गात ती बाकाबाकावर आहे.

पहिल्या सत्रात मागे पडलेला विद्यार्थी बहुधा असे समजतो की आपली बुद्धी गणिताला कमी पडली, आणि तो विषयच सोडून देतो. पुष्कळदा त्याची बुद्धी शाबूत असते आणि एका वाक्याचा अर्थ तेवढा निसटलेला असतो. बुद्धी शिक्षकाला देता येत नाही. वाक्याचा अर्थ मात्र शिकविता येतो, आणि ते काम गणिताच्या व भाषेच्या अध्यापकांनी मिळून करण्याजोगे आहे.