ताग्याला गुण किती?

भिवंडीच्या नारपोली भागात यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. मागावरून उतरलेला तागा घडी होण्याआधी तपासला जातो. पण कापड 'चांगले' म्हणजे नेमके कसे? वर्गात एकच जुना पंचा दोन गटांना द्या आणि त्यातले दोष मोजायला सांगा. एक गट गाठीही मोजेल, दुसरा फक्त भोके. मोजायचे काय हे आधी ठरवले नाही, तर तपासणी आणि मत यांत फरक उरत नाही.

म्हणून कापडाच्या व्यापारात 4 गुणांची पद्धत आहे. दोष 3 इंचांपर्यंत लांब असेल तर 1 गुण, 6 पर्यंत 2, 9 पर्यंत 3 आणि त्याहून लांब असेल तर 4. एका यार्डाला 4 पेक्षा जास्त गुण देत नाहीत. (आपल्या शिक्षकांना गंमत वाटेल, इथे गुण जितके जास्त, तितका माल वाईट!) 100 चौरस यार्डांना 40 गुणांपर्यंतचा माल पुष्कळ खरेदीदार स्वीकारतात.

आता माग पाहू. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की माग थांबतो. ताण्याचा उभा धागा तुटला तर साधा माग थांबत नाही. कापडात उभी रेघ पडत जाते. समजा, माग मिनिटाला 120 आडवे धागे विणतो आणि कापडात इंचाला 60 आहेत. म्हणजे मिनिटाला 2 इंच कापड. तुटलेला धागा 4 मिनिटांत दिसला तर रेघ 8 इंच, गुण 3. दीड तास दिसला नाही तर 5 यार्ड, गुण 20! कारागीर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो, हे लक्षात घ्या.

मजुरी कापली जाते तेव्हा हे गुण अपुरे पडतात. रेघ किती लांब ते त्यांतून कळते. धागा का तुटला ते कळत नाही. सूत कच्चे असेल, खळ नीट बसली नसेल. 1924 साली अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी तयार मालाऐवजी माल बनत असतानाच्या चढउतारांचा आलेख काढायची रीत सुचवली. तसे इथेही करता येते. कोणत्या मागावर, कोणत्या भीमावर, किती वाजता धागा तुटला हे लिहून ठेवायचे. एकाच भीमाचे धागे सर्व पाळ्यांत, वेगवेगळ्या कारागिरांच्या हाताखाली तुटत असतील, तर आधी सूत आणि खळ तपासायला हवी.