राजश्री : वितरकाच्या खतावणीतून आलेला सिनेमा

'राजश्री' म्हटले की एकत्र कुटुंब, लग्नमंडप आणि गाण्यांची रेलचेल आठवते. या प्रतिमेआड पेढीचा मूळ धंदा झाकला जातो. ताराचंद बडजात्या यांनी १५ ऑगस्ट १९४७ रोजी ही संस्था काढली ती इतरांचे चित्रपट वितरित करण्यासाठी. स्वतःची पहिली निर्मिती, 'आरती', आली १९६२ साली. राजश्रीच्या सोज्वळपणाचे श्रेय सहसा घराण्याच्या संस्कारांना दिले जाते. संस्कार होतेच; पण त्या सिनेमाचा घाट ठरवला तो वितरकाच्या हिशेबाने, असे मला वाटते.

हा हिशेब समजण्यासाठी हिंदी सिनेमाचा व्यापारी नकाशा पाहावा लागतो. त्यातल्या 'टेरिटरी', म्हणजे वितरणाचे हक्क ज्यांनुसार विकले जातात ते विभाग, स्वातंत्र्यापूर्वीच्या प्रशासकीय सीमांवर बेतलेल्या आहेत. म्हणून विदर्भ सी.पी.-बेरारमध्ये मोडतो, मराठवाडा निजाममध्ये, आणि भुसावळ, अमरावतीसारखी गावे या धंद्याची ठाणी झाली. मिनिमम गॅरंटीच्या व्यवहारात वितरक ठरलेली रक्कम निर्मात्याला आगाऊ देतो, प्रिंट आणि जाहिरातीचा खर्च उचलतो, आणि हे सारे कमिशनसह वसूल झाल्यावर उरणारा 'ओव्हरफ्लो' दोघांत वाटला जातो. सिनेमा पडला तर खड्डा वितरकाच्या खिशाला. शिवाय लांबच्या गावातला गल्ला खरा किती, हे थिएटरवर बसवलेल्या प्रतिनिधीवर आणि रोज येणाऱ्या कलेक्शन रिपोर्टवर अवलंबून. विश्वास हेच भांडवल असलेल्या अशा व्यवसायात घरची माणसे उपयोगी पडतात, आणि कोणत्या गावात काय चालते, कोणता खेळ बायकामुलांनी भरतो, ही माहिती पिढीजात साठत जाते.

या माहितीचे प्रतिबिंब निर्मितीत दिसते. 'दोस्ती'त (१९६४) दोन नवखी मुले नायक होती. 'गीत गाता चल' (१९७५) आणि 'नदिया के पार' (१९८२) सचिन पिळगांवकर यांच्यासारख्या तरुण नटावर उभे राहिले. नटाचे मानधन वाढले की हक्कांची किंमत वाढते आणि वितरक बुडण्याची शक्यताही. दुसऱ्यांचे महागडे सिनेमे विकणाऱ्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही. सहकुटुंब पाहता येणारा सिनेमा एका घरामागे चार-पाच तिकिटे विकतो, हेही गणितच. यावर कोणी 'सारांश'कडे (१९८४) बोट दाखवील. शिवाजी पार्कजवळच्या निवृत्त मराठी शिक्षकाचे पुत्रशोकाचे दुःख हा काही गल्लाभरू विषय नव्हे. खरे आहे. पण मोठे तारे नसलेल्या अशा चित्रपटात रक्कम कमी अडकते, आणि वितरणाचे उत्पन्न पाठीशी असले की असा धोका पत्करता येतो. त्यामुळे हे उदाहरण माझ्या म्हणण्याला छेद देत नाही.

अधिक वजनदार आक्षेप 'हम आपके हैं कौन..!'चा आहे. तिथे माधुरी दीक्षित होत्या, सलमान खान होते, गाणी घरोघरी वाजत होती. मग वितरणाचे कौतुक कशाला? कारण १९९४ मध्ये व्हिडिओ आणि केबलने थिएटरे ओस पाडली होती. ५ ऑगस्टला हा चित्रपट मुंबईत आधी फक्त 'लिबर्टी'त लागला. सुरुवातीला मोजकीच थिएटरे, चढे तिकीट आणि रोखून धरलेले व्हिडिओ हक्क अशी ती आखणी होती. तारे आणि गाणी इतरांकडेही होती. प्रेक्षकाला घराबाहेर काढण्याची ही शिस्त वितरणाच्या अनुभवातून आली.

मात्र हे कौशल्य प्रिंटच्या टंचाईवर उभे होते. डिजिटल प्रक्षेपणाने एकच सिनेमा एकाच दिवशी हजारो पडद्यांवर नेणे शक्य केले, पहिल्या तीन दिवसांच्या कमाईला महत्त्व आले आणि गावोगावची बारकी जाण स्वस्त झाली. पेढीला बदल कळला नाही असेही नाही : २००६ मध्ये 'विवाह' तिने थिएटरबरोबरच इंटरनेटवरही आणला. तरी २०१५ साली 'प्रेम रतन धन पायो'चे वितरण फॉक्स स्टार स्टुडिओजकडे गेले. राजश्रीचे कथाविषय शिळे झाले, अशी टीका होते आणि ती अंशतः पटते. पण तसेच विषय पूर्वी ज्या वितरणयंत्रणेच्या बळावर चालले ती आता निष्प्रभ झाली आहे, हे लक्षात न घेता दिलेला निकाल अर्धवट ठरेल.