धार दिसते, तरी मोटर का तापते?

1 डिसेंबर 2015 च्या पावसाने चेन्नई बुडवली. तांबरमला चोवीस तासांत 49 सेंटीमीटर पाऊस झाला, चेंबरमबाक्कम तलावातून सेकंदाला 29,000 घनफुटांपर्यंत पाणी अड्यार नदीत सोडावं लागलं, आणि कोट्टूरपुरम, सैदापेट, मुडिचूर भागातले तळमजले पाण्याखाली गेले. लष्कर आणि एनडीआरएफच्या जवानांबरोबर किनाऱ्यावरचे मच्छीमारही आपल्या होड्या घेऊन शहरात उतरले. समुद्रात चालणाऱ्या होड्या रस्त्यांवर आल्या, आणि ते पाणी समुद्राचं नव्हतं. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, कपडे होते, गाळ होता, नदीतून वाहून आलेली जलपर्णी होती.

होडीच्या मागच्या फळीवर टांगलेली आउटबोर्ड मोटर अशा पाण्यात हटकून तापते. पण एरवीही काशिमेडूच्या बंदरापासून पुलिकतच्या सरोवरापर्यंत, आणि आपल्याकडे मालवण-तारकर्लीपासून सांगली-कोल्हापूरच्या पुरापर्यंत, एक तक्रार सगळीकडे सारखीच ऐकू येते: मोटर मध्येच तापते, तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो, जरा थांबलं की सगळं ठीक होतं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. सतत तापणाऱ्या मोटरचा दोष लवकर सापडतो. मधूनमधून तापणारीच्या बाबतीत मात्र अंदाज पसरतात आणि त्या अंदाजांपायी चांगली इंजिनं जॅम होतात.

आउटबोर्डला मोटारगाडीसारखा रेडिएटर नसतो. ती ज्या पाण्यात चालते तेच पाणी आत ओढून थंड राहते. पंख्याच्या वरच्या भागात, गिअरच्या पेटीच्या बाजूला, पाणी ओढणारी जाळीदार तोंडं असतात. त्यांच्या वर, इंजिनाकडून खाली येणाऱ्या उभ्या शाफ्टवर, रबरी पात्यांचं एक छोटं चाक फिरतं. तो पंपाचा इम्पेलर. तो पाणी नळीतून वर, सिलिंडरांभोवतीच्या वाटांमध्ये ढकलतो. तिथे थर्मोस्टॅट बसवलेला असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो वाट अडवून ठेवतो आणि मॉडेलप्रमाणे साधारण 50 ते 60 अंशांच्या सुमारास उघडतो. गरम झालेलं पाणी एक्झॉस्टबरोबर खाली निघून जातं आणि त्यातला थोडासा भाग मागच्या बारीक भोकातून धार होऊन बाहेर पडतो.

चेन्नईत पहिला दोष हवेला दिला जातो. उन्हाळा आहे, इंजिन तापणारच, असं म्हणून माणूस मोकळा होतो. शहराचा पारा 31 मे 2003 ला 45 अंशांवर गेला होता हे खरं, पण मोटर हवेने थंड होत नाही. चेन्नईजवळच्या समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान जानेवारीत 26-27 अंश आणि मे महिन्यात 30 अंशांच्या आसपास असतं. जी यंत्रणा इंजिन पन्नास-साठ अंशांवर ठेवण्यासाठी बनवली आहे तिला या तीन-चार अंशांनी काही होत नाही. मे महिन्यात भोंगा वाजला तर तो दोष जानेवारीतही आतच होता. काही होड्यांवर लांब दांड्याची, हवेने थंड होणारी डिझेल इंजिनं असतात, त्यांचा हिशेब वेगळा.

सगळ्यात पक्का रुजलेला आणि सगळ्यात महागात पडणारा समज त्या धारेबद्दलचा आहे. मागून पाण्याची धार येते आहे म्हणजे मोटर थंड होते आहे, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जातं. धार एवढंच सांगते की पंपाने पाणी वर आणलं. ते पाणी सिलिंडर हेडपर्यंत पोचलं का, थर्मोस्टॅटमधून पुढे गेलं का, याबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण बऱ्याच मॉडेलांमध्ये धारेचा फाटा थर्मोस्टॅटच्या आधीच निघतो. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तरी धार जोरात येत राहते आणि आत हेड भाजत असतं. धार हाताला कशी लागते हे पाहणं त्यामुळे जास्त उपयोगाचं. कोमट धार ठीक. चटका देणारी, वाफाळलेली, किंवा बुडबुडे सोडत गचके देणारी धार दिसली तर हेड गॅस्केटकडे लक्ष जायला हवं. गॅस्केट फाटलं की सिलिंडरातला वायू पाण्याच्या वाटेत घुसतो आणि पाणीच मागे ढकलतो. असा दोष इंजिनावर जोर आला की दिसतो, नुसतं सुरू ठेवून पाहिलं तर लपतो.

उलटंही घडतं. धार बंद झाली म्हणून पंप खोलून बसतात, आणि दोष निघतो तो भोकाशी साचलेल्या मिठाच्या खड्याचा, वाळूचा किंवा कुंभारीण माशीने महिनाभर उभ्या असलेल्या मोटरीत केलेल्या मातीच्या घराचा. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा जाड तुकडा भोकात सरकवून पाहायला अर्धं मिनिटही लागत नाही. पंप खोलण्याआधी हे करावंच.

मधूनमधून तापणाऱ्या मोटरीत खरी माहिती दडलेली असते ती 'केव्हा' या प्रश्नात. कोणत्या वेगाला, किती वेळाने, कसल्या पाण्यात? होडीवाला मेकॅनिककडे जाताना "कधीकधी तापते" एवढंच सांगतो आणि मेकॅनिक बिचारा ड्रममध्ये मोटर ठेवून ती शांतपणे चालताना पाहतो. ड्रममध्ये ना पिशवी असते, ना वेग, ना वजन.

संथ चालताना तापते आणि वेग दिला की निवळते, अशी मोटर असेल तर संशय पंपावर आणि थर्मोस्टॅटवर. कमी वेगात इम्पेलरची पाती पंपाच्या डब्याच्या भिंतीला घासून पाणी पुढे ढकलतात. ती झिजली किंवा एका बाजूला वाकून कडक झाली की ही पकड जाते. वेग वाढला की पाती आत वाकतात आणि पाणी फेकलं जाऊ लागतं, त्यामुळे अर्धामेला पंपही वेगात काम भागवतो. शिवाय बऱ्याच इंजिनांमध्ये दाब वाढला की उघडणारी एक स्प्रिंगची झडप असते, ती थर्मोस्टॅटला वळसा घालून पाणी जाऊ देते. म्हणून अडकलेला थर्मोस्टॅट वेगात लपून राहतो.

वेगात तापते आणि संथ केल्यावर निवळते, ही दुसरी तऱ्हा. पुराच्या पाण्यात आणि अड्यारच्या मुखापाशी तिचं कारण बहुधा प्लास्टिकची पिशवी असते. ओढ जोराची असेपर्यंत पिशवी जाळीला चिकटून राहते, वेग कमी होताच सुटून वाहून जाते. होडीवाला खाली वाकून पाहतो तेव्हा तिथे काहीच नसतं! भोंगा खोटाच वाजला, असं त्याला वाटतं. उथळ पाण्यात आणखी एक भानगड होते. पंखा घासू नये म्हणून मोटर तिरकी उचलून चालवतात, मग पाण्याची तोंडं पृष्ठभागाजवळ येतात आणि पाण्याबरोबर हवा ओढतात. 5 डिसेंबर 2023 ला मिचौंग चक्रीवादळाच्या पुरात कारापाक्कममधून अभिनेते विष्णू विशाल आणि आमिर खान यांना अग्निशमन दलाने होडीतून बाहेर काढलं, ते शहरातल्या रस्त्यांवरच्या पाण्यातून. अशा ठिकाणी पाणी किती खोल आहे आणि मोटर किती उचलली आहे, हे दर काही मिनिटांनी पाहावं लागतं. मोटर फळीवर मुळातच उंच बसवलेली असेल तर खोल समुद्रातही एका बाजूला वळताना ती हवा ओढते.

वेगात तापण्याचं एक कारण इतकं फसवं आहे की अनुभवी माणसंही चकतात. इम्पेलर बाहेर काढला, पाती धडधाकट दिसली, परत बसवला, तरी तक्रार कायम. इम्पेलरच्या मधोमध धातूचं बूश असतं आणि त्यावर रबर चिकटवलेलं असतं. ही चिकटण सुटली की कमी जोरात दोघं बरोबर फिरतात, आणि जोर आला की बूश आतल्या आत फिरतं, रबर मागे राहतं. पाती बघून हे कधीच कळत नाही. बूश एका हातात पक्कं धरून दुसऱ्या हाताने रबर पिळून पाहावं. जरा जरी सरकलं तरी तो इम्पेलर टाकून द्यायचा. त्याच वेळी पंपाच्या डब्याची आतली बाजू आणि खालची पत्र्याची चकती बोटाने चाचपावी. तिथे खाचा पडल्या असतील तर नवा इम्पेलरही पाणी धरत नाही. पुलिकत सरोवर सरासरी जेमतेम एक मीटर खोल, त्यामुळे तिथे तळाची रेती उडते. एन्नोरच्या खाडीत औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा गाळ वर्षानुवर्षं साचला आहे. अशा पाण्यात पंप लवकर झिजतो, म्हणून पुस्तिकेत लिहिलेल्या मुदतीची वाट पाहू नये.

इम्पेलरचं एखादं पातं तुटलेलं निघालं तर तो तुकडा सापडेपर्यंत काम पुरं झालं असं मानायचं नाही. तो पाण्याबरोबर वर गेलेला असतो. आज एका वाटेच्या तोंडाशी, उद्या दुसऱ्या. नवा पंप बसवूनही मोटर मधूनच तापते ती बऱ्याचदा या तुकड्यापायी.

"थर्मोस्टॅटच काढून टाक, कटकट मिटेल," हा सल्ला प्रत्येक बंदरावर मिळतो. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरजेपेक्षा थंड चालतं. इंधन नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते, फोर-स्ट्रोक इंजिनात न जळलेलं पेट्रोल उतरून ऑइल पातळ करतं. मूळ दोष झिजलेल्या पंपाचा असेल तर तो तसाच राहतो.

जास्त ऑइल घातल्याने इंजिन थंड राहतं, हाही असाच समज. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात ऑइलचं प्रमाण वाढवलं की जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. मिश्रण हवेच्या मानाने पातळ होतं आणि पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. तमिळनाडूत मोटर लावलेल्या पारंपरिक होड्यांना सरकार सवलतीचं केरोसीन देतं आणि केरोसीनवर चालणाऱ्या मोटरी वेगळ्या, कमी कॉम्प्रेशनच्या असतात. पेट्रोलच्या मोटरीत केरोसीन मिसळून पैसे वाचवायला गेलं की इंजिन ठोके देतं आणि तापतं. तिथे पंप कितीही नवा असो, उपयोग नाही.

भोंगा वाजला आणि आपोआप थांबला तर वायर ढिली असेल म्हणून तो काढून टाकणारेही आहेत. वायर गंजलेली असू शकते, खाऱ्या हवेत ते नेहमीचंच. पण ते ठरवायचं मोजून. इन्फ्रारेड थर्मामीटर, तो पिस्तुलासारखा, भोंगा वाजत असताना सिलिंडर हेडवर धरावा. हेड 55 अंशांवर असेल तर सेन्सर आणि वायर तपासाव्यात. 90 च्या पुढे गेलं असेल तर मोटर बंद करून वल्हं किंवा दोर हातात घ्यावा. काही मोटरी अशा वेळी स्वतःच वेग पाडतात. तो बिघाड समजून पुन्हा जोर देणं म्हणजे पिस्टन घासवून घेणं. आणि तापलेल्या इंजिनावर बादलीने पाणी ओतणं पूर्ण टाळावं. ॲल्युमिनियमचा भाग एकदम आकसला की हेड वाकतं किंवा तडकतं. झाकण काढून ठेवावं, वाऱ्याने हळूहळू निवू द्यावं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते आतल्या वाटांमध्ये थर धरतात. गोड्या पाण्याने मोटर धुण्याची सवय म्हणूनच चांगली, पण पाच मिनिटं थंडगार इंजिनातून नळ सोडून ती पुरी होत नाही. थर्मोस्टॅट बंद असेल तर गोडं पाणी पुढच्या वाटांपर्यंत जातच नाही. पुस्तिकेत परवानगी असेल तर इंजिन संथ चालवत, थर्मोस्टॅट उघडण्याइतकं गरम होईपर्यंत धुवावं. "आवाज तरी ऐकू" म्हणून कोरडी मोटर क्षणभरही सुरू करू नये. पाण्यावाचून रबर काही सेकंदांतच जळतं.

इम्पेलर बदलताना रबराला ग्रीस लावायचं नाही, पेट्रोलियम ग्रीसने रबर फुगू शकतं. साबणाचं पाणी पुरतं. शाफ्टवरची छोटी चावी सांडून हरवते, तेव्हा खाली फडकं पसरावं. शाफ्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवत डबा खाली बसवावा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. काढलेला थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, तळाला टेकू न देता. शेगडी पेटवून, शेजारी थर्मामीटर धरून पाहावं. तो पुस्तिकेतल्या अंशांना उघडला आणि पाणी निवताना पुन्हा मिटला तर तोच परत बसवता येतो, फक्त गॅस्केट नवं घालून.