टॉवर चालू, टीव्ही बंद!

टीव्ही बघायला काय लागतं, असं आज फर्स्ट इयरच्या कुणाला विचारलं तर उत्तर येईल, ‘नेट पॅक’. त्याचा मोठा भाऊ म्हणेल, ‘डिश’. आणि आपले सर लोक म्हणतील, ‘अँटेना’. त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच गच्चीवरचा तो ॲल्युमिनियमचा, माशाच्या काट्यासारखा सांगाडा उभा राहील. एक जण वर काठी फिरवतोय, एक जण टीव्हीपुढे बसलाय आणि जिन्यात एक निरोप्या. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’

मित्रहो, हा लेख त्याच सांगाड्याबद्दल आहे, फक्त डिजिटल जमान्यातल्या. गावातल्या मनोऱ्यावरून निघालेलं डिजिटल प्रसारण थेट घरातल्या अँटेनावर घ्यायचं, याला म्हणतात डिजिटल टेरेस्ट्रियल टेलिव्हिजन. मध्ये उपग्रह नाही, केबलवाला नाही, सिमकार्ड नाही आणि महिन्याचं बिलही नाही. आता तुम्ही म्हणाल, असलं काही आपल्याकडे होतं तरी कधी? होतं ना! तीच तर गंमत आहे.

थोडा इतिहास (कंटाळू नका, व्हायवाला उपयोगी पडेल)

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंग आले १९८२ मध्ये. हे सगळं ॲनालॉग. डिजिटल टेरेस्ट्रियलचे प्रयोग दूरदर्शनने २००३ मध्येच चार महानगरांत सुरू केले होते. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये डीव्हीबी-टी२ या नव्या पद्धतीचं प्रसारण १६ शहरांत सुरू झालं. त्यात आपल्याकडची दोन होती, मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. एकाच ट्रान्समीटरवरून पाच चॅनेल, तेही फुकट. टी२ ट्यूनर असलेल्या टीव्हीवर तर दिसायचेच, शिवाय मोबाईलला छोटा डोंगल लावूनही बघता येतील अशी सोय होती.

तुमच्यापैकी कितीजणांनी ते पाहिले? हात वर करा. नाही ना? ट्रान्समीटर चालू होता, मनोरा उभा होता, तरी टीव्ही बंदच. असं का झालं ते समजायला आधी सिग्नलचा स्वभाव समजून घ्यावा लागेल.

घाट आणि कोकणकडा

ॲनालॉग सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या. आणखी कमी झाला की मुंग्या वाढायच्या, पण सचिन खेळतोय एवढं कळायचं. समोरच्या इमारतीवरून परावर्तित होऊन तोच सिग्नल उशिरा आला की सचिनशेजारी एक फिकट सचिन दिसायचा. त्याला घोस्ट म्हणत. शेजारून स्कूटर गेली की पडद्यावर रेघा. थोडक्यात, ॲनालॉग म्हणजे घाटाचा उतार, हळूहळू खाली उतरायचं.

डिजिटल म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. कड्याच्या टोकापर्यंत सपाट, चित्र एकदम स्वच्छ. एक पाऊल पुढे गेलात की खल्लास! आधी चौकोन चौकोन, मग चित्र गोठतं, आवाज तुटतो आणि शेवटी ‘नो सिग्नल’. स्वच्छ चित्र आणि कोरा पडदा यांच्यात अंतर फार तर एक-दोन डीबीचं.

असं का? कारण हवेतून चित्र येत नाही, बिट्स येतात. त्यांच्यासोबत चुका दुरुस्त करायला जादा बिट्स पाठवलेले असतात. टी२ मध्ये यासाठी एलडीपीसी नावाचे कोड वापरतात. रॉबर्ट गॅलागर यांनी ते १९६० च्या आसपास एमआयटीत शोधले, पण तेव्हाच्या कॉम्प्युटरना ते झेपणारे नव्हते म्हणून तीसेक वर्षं पडून राहिले. (तुमच्या सबमिशनला उशीर झाला तर हे उदाहरण देऊन बघा.) हे कोड ठरावीक प्रमाणापर्यंतच्या चुका जवळजवळ शंभर टक्के दुरुस्त करतात. म्हणून कड्यापर्यंत सपाट. त्याहून एवढीशी चूक वाढली की दुरुस्ती साफ कोलमडते. म्हणून कडा.

एका रस्त्याऐवजी हजारो पायवाटा

घोस्टचं काय झालं? इथे एम-थ्रीमधला फुरिए कामाला येतो. तो कशासाठी शिकवतात असा प्रश्न दरवर्षी पडतो, त्याचं हे एक उत्तर. आठ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये एकच वेगवान प्रवाह पाठवण्याऐवजी तो हजारो छोट्या कॅरिअरवर वाटून देतात. यालाच ओएफडीएम म्हणतात. डीव्हीबी-टी मध्ये २के आणि ८के असे दोन प्रकार, टी२ मध्ये हे ३२के पर्यंत जातं. प्रत्येक कॅरिअर आपापलं काम निवांतपणे करतो, त्यामुळे एक सिम्बॉल बराच लांब असतो. ८के मध्ये तो ८९६ मायक्रोसेकंदांचा.

या सिम्बॉलच्या आधी थोडी मोकळी जागा राखतात, तिला गार्ड इंटर्व्हल म्हणतात. समजा ती सिम्बॉलच्या पाव भाग, म्हणजे २२४ मायक्रोसेकंद आहे. तेवढ्या वेळात रेडिओलहर सुमारे ६७ किलोमीटर जाते. म्हणजे समोरच्या टेकडीला, पाण्याच्या टाकीला, टॉवर बिल्डिंगला आपटून चार-पाच किलोमीटरचा वळसा घालून आलेला सिग्नल आरामात या मोकळ्या जागेत मावतो. घोस्ट गेला! इतकंच काय, दोन मनोरे एकाच फ्रीक्वेन्सीवर तोच कार्यक्रम पाठवत असले, तरी रिसीव्हर दुसऱ्याला पहिल्याचा प्रतिध्वनी समजून चालवून घेतो.

आता हिशोब

इंजिनिअर म्हटलं की आकडे हवेतच. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा ३०० मीटर उंच आहे. तेवढा मनोरा धरू आणि आपली गच्ची १५ मीटरची. रेडिओ क्षितिजाचं सोपं सूत्र: दोन्ही उंचींची (मीटरमध्ये) वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. उत्तर येतं सुमारे ८७ किलोमीटर. मध्ये डोंगर नसेल तर एवढ्या लांबूनही मनोरा ‘दिसतो’.

आपण २० किलोमीटरवर आहोत असं समजा. मनोऱ्यावरून आपल्या दिशेने १० किलोवॉट, म्हणजे ७० डीबीएम निघतात असं धरू. ५०० मेगाहर्ट्झला २० किलोमीटरच्या मोकळ्या हवेत ११२ डीबी खर्च होतात. हाती उरले उणे ४२ डीबीएम. गच्चीवरच्या यागी अँटेनाने १० डीबी मिळवले, तीस मीटर केबलने ५ डीबी खाल्ले, टीव्हीपर्यंत पोचले उणे ३७.

टीव्हीला लागतात किती? ८ मेगाहर्ट्झमधला उष्णतेचा नॉइज उणे १०५ डीबीएम. ट्यूनरचा स्वतःचा ६ डीबी मिळवला की उणे ९९. त्याच्या वर २० डीबी सिग्नल हवा असं समजू, म्हणजे कडा आला उणे ७९ ला. आपण आहोत उणे ३७ वर. कड्यापासून ४२ डीबी आत! अगदी कम्फर्टेबल फर्स्ट क्लास.

आता तोच टीव्ही तळमजल्यावरच्या खोलीत न्या आणि पाठीमागे वीतभर वायर खोचा. यागीचे १० डीबी गेले, केबलचे ५ वाचले. कड्यापासून ३७ डीबी आत. भिंतींनी १५ खाल्ले, उरले २२. गच्चीवरून खाली आल्यामुळे आजूबाजूच्या इमारती आड आल्या, त्यात २० गेले. उरले २! आता कुणी खोलीत उठून उभा राहिला, बाहेर बस येऊन थांबली की चित्र गोठणार. पब्लिक शिव्या देणार दूरदर्शनला, पण मनोऱ्याने त्याचं काम चोख केलंय. सगळी गडबड शेवटच्या तीस मीटरमध्ये आहे.

शेवटचे तीस मीटर

म्हणून काही साध्या गोष्टी. कॉमन रूमच्या सेक्रेटरीने कापून ठेवाव्यात.

एक, डिशचा इथे उपयोग नाही. डिश उपग्रहासाठी, दहा-बारा गिगाहर्ट्झवर चालते. टेरेस्ट्रियल डिजिटल यूएचएफवर, म्हणजे ४७० मेगाहर्ट्झपासून पुढे. फ्री डिशचा बॉक्सही उपग्रहाचाच, तो टी२ पकडत नाही.

दोन, आजोबांच्या काळचा लांब दांड्यांचा अँटेना बहुधा व्हीएचएफचा असतो. ६० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी अडीच मीटर, ५०० मेगाहर्ट्झला फक्त ३० सेंटीमीटर. साधा डायपोल घरीही होतो: साधारण १४-१४ सेंटीमीटरचे दोन दांडे, आडवे धरून, मनोऱ्याकडे बाजू करून. त्याचा इम्पिडन्स ७३ ओहमच्या आसपास, म्हणून ७५ ओहमची आरजी-६ केबल छान जुळते. फोल्डेड डायपोल असेल तर तो ३०० ओहमचा, मध्ये बालून लावावा लागतो.

तीन, बूस्टर लावायचाच तर अँटेनापाशी लावा, टीव्हीपाशी नाही. केबलमध्ये सिग्नल क्षीण झाल्यावर वाढवलात तर नॉइजही तेवढाच वाढतो. पहिल्या स्टेजचा नॉइज सगळ्यात महत्त्वाचा, हे फ्रीसचं सूत्र. आणि मनोरा जवळ असेल तर बूस्टर लावूच नका, ट्यूनर गुदमरतो.

चार, टीव्हीच्या मेनूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. अँटेना फिरवताना क्वालिटीकडे बघा. स्ट्रेंग्थ म्हणजे किती ऊर्जा आली, त्यात कचराही मोजला जातो. क्वालिटी म्हणजे त्यातलं कामाचं किती. चित्र सुरू झालं म्हणून लगेच खाली उतरू नका, क्वालिटी जास्तीत जास्त होईपर्यंत फिरवा. ॲनालॉगमध्ये डोळ्यांना कळायचं की अजून सुधारायला वाव आहे. डिजिटलमध्ये कड्यापासून दोन डीबीवर आणि चाळीस डीबीवर चित्र सारखंच दिसतं.

पाच, गच्चीवरच्या पाइपाला अर्थिंग करा. पावसाळ्यात वीज क्वालिटी बघत नाही.

देशाचे शेवटचे तीस मीटर

आता मूळ प्रश्न. १६ शहरांत मनोरे डिजिटल झाले, मग आपल्याला दिसलं का नाही? जे आपल्या खोलीत होतं तेच देशात झालं. बाजारातल्या बहुतेक टीव्हींमध्ये टी२ ट्यूनर नव्हता. लोक चॅनेल मागत नव्हते म्हणून कंपन्या ट्यूनर घालत नव्हत्या आणि ट्यूनर नाही म्हणून लोकांना चॅनेल माहीतच नव्हते. २०१७ मध्ये ट्रायने खासगी प्रसारकांनाही यात येऊ द्यावं अशी शिफारस केली होती. पाचाच्या जागी पन्नास चॅनेल असते तर कदाचित लोकांनी अँटेना चढवलेही असते. दरम्यान डिश आणि मोबाईल पुढे निघून गेले. ॲनालॉग ट्रान्समीटर तर प्रसार भारतीने २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंदच करत आणले. मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे ठेवायचे ठरले.

मग गेलं तर गेलं, आपल्याला काय? आपल्याला आहे. मॅचच्या रात्री होस्टेलचा नेट कसा रांगतो ते आठवा. दोनशे पोरं प्रत्येकी ३ एमबीपीएसने बघत असतील तर ६०० एमबीपीएस लागले, आणि तेही सगळे तोच बॉल बघणार! मनोऱ्याला मात्र दोनशे काय आणि दोन लाख काय, तेवढीच वीज लागते. २०१ वा प्रेक्षक आला म्हणून पहिल्याचं चित्र अडकत नाही. त्यात २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला द्यावा लागतो, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की तो दूरदर्शनच्या स्वतःच्या टेरेस्ट्रियल आणि डीटीएच जाळ्यावरच दाखवायचा. म्हणजे तो सामना फुकट बघायचा हक्क आहे, पण घ्यायला एक तर फ्री डिश हवी, नाही तर गच्चीवर अँटेना. शिवाय पुरात, वादळात मोबाईलचे टॉवर झोपतात आणि जागे असलेल्यांवर सगळे तुटून पडतात, तेव्हा एका उंच मनोऱ्यावरून सगळ्यांना एकदम सांगता येणं किती मोलाचं आहे!

हीच कल्पना आता डायरेक्ट-टू-मोबाईल या नावाने परत आली आहे. सिमशिवाय, नेटशिवाय मनोऱ्यावरून थेट फोनवर प्रसारण. आयआयटी कानपूर आणि बंगळूरची सांख्य लॅब्स यांनी त्यावर काम केलं आहे. आतमध्ये तेच ओएफडीएम, तेच एलडीपीसी. आणि प्रश्नही तोच: फोनमध्ये रिसीव्हर कोण घालणार? मनोरे उभारणं हे सरकारी काम आहे, होऊन जाईल. पण शेवटच्या तीस मीटरचा विचार आधी केला नाही तर पुन्हा टॉवर चालू आणि फोन बंद!

ईएनटीसीवाल्यांनो, मिनी प्रोजेक्टचा विषय शोधताय ना? आरटीएल-एसडीआर नावाचा स्वस्त डोंगल मिळतो. तो मुळात डीव्हीबी-टी बघण्यासाठीच बनला होता. वर सांगितलेला डायपोल त्याला जोडा, लॅपटॉप घेऊन गच्चीवर जा आणि ४७० मेगाहर्ट्झपासून वर सरकत स्पेक्ट्रम बघा. डोंगलला एका वेळी दोन-अडीच मेगाहर्ट्झच दिसतात, म्हणून हळूहळू सरका. सुळके नसलेला, सपाट माथ्याचा, सुमारे ७.६ मेगाहर्ट्झ रुंद ठोकळा सापडला, तर समजा तुमच्या शहरातला मनोरा बोलतोय. रेक्टर सरांची परवानगी घेऊन जा, आणि कठड्यापासून लांब उभे राहा.