तान्हुल्याच्या वतीने कोणी बोलावे?

रुग्णालयात ठेवलेल्या तान्ह्या मुलाची तक्रार कोणी मांडावयाची? ते रडते, परंतु भुकेचे रडणे कोणते आणि कळ आल्याचे कोणते, हे त्याला सांगता येत नाही. आणि औषधाने अंगच निश्चल केले, म्हणजे तेवढे रडणेही उरत नाही.

ही नुसती कल्पना नव्हे. १९८५ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जिल लॉसन या बाईंचे मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्मले. जन्मानंतर हृदयाजवळची जी एक रक्तवाहिनी आपोआप मिटावयाची, ती मिटली नाही, म्हणून त्याची छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागली. काही आठवड्यांनी मूल दगावले. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला हालचाल थांबविणारे औषध दिले होते, वेदना थांबविणारे दिलेच नव्हते, हे आईला मागाहून कळले. तिने जाब विचारला, तेव्हा इतक्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांना वेदना होतात हे सिद्धच झालेले नाही, असे तिला सांगण्यात आले!

ते डॉक्टर दुष्ट होते असे मात्र समजू नये. एवढ्याशा जिवाला भूल सोसणार नाही, अशी त्या काळी अनेकांना भीती वाटे. त्याला वेदना कळतच नाहीत, ही समजूत त्या भीतीच्या सोयीची होती. बाईंनी ठिकठिकाणी पत्रे धाडली, आणि १९८६ साली हा प्रश्न वृत्तपत्रांत आला.

त्याच सुमारास ऑक्सफर्ड येथे या समजुतीची शास्त्रीय परीक्षा चालली होती. ती करणारे डॉक्टर कंवलजीत आनंद हे आपल्या इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९८७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या शरीराला शस्त्रक्रियेचा धक्का कमी बसतो व मागाहूनचे उपद्रवही कमी होतात. त्याच वर्षी अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने भूल न देता अशी शस्त्रक्रिया करण्याच्या प्रथेविरुद्ध मत दिले. शास्त्रज्ञाचे पुरावे आणि आईचा हट्ट, दोन्ही एकाच वेळी उभे राहिले, हे त्या बालकांचे भाग्य.

आपल्याकडे “एवढ्या मोठ्या डॉक्टरांना कसे विचारावे?” हा संकोच फार. परंतु परिचारिका पाळीपाळीने बदलतात, डॉक्टर फेरीपुरते येतात. काल हे मूल कसे पीत होते आणि आज ते का सुस्त आहे, हे आईइतके कोणास दिसणार? भारत सरकारनेही २०१७ साली मार्गदर्शिका काढून नवजात-कक्षातील शुश्रूषेत आईवडिलांना शिकवून सामील करून घ्यावे असे सांगितले आहे. तेव्हा आत जाऊ द्या, असे म्हणणे ही आगळीक नव्हे.

शस्त्रक्रिया ठरली, तर भूल कोण देणार आणि नंतरच्या वेदनेवर काय देणार, हे आधीच विचारावे. टाचेतून रक्त काढावयाचे असेल, तर त्या वेळी मुलाला उघड्या छातीशी धरू द्याल का, किंवा पाजू द्याल का, हेही विचारावे. दोहोंनीही कळ कमी होते. प्रकृतीमुळे ते शक्य नसल्यास तसे कारण ऐकून घ्यावे. जवळ एक वही असू द्यावी. तीत वजन, दुधाचे माप, औषधांची नावे लिहावीत. आणि शंका रात्री दोन वाजता आली, तर ती सकाळच्या फेरीपर्यंत राखून ठेवू नये. नवजाताची प्रकृती काही तासांतच पालटते.